ताट कुणाचं, वाटा कुणाचा?

मागच्या डिसेंबरात आमच्या गटाच्या बैठकीला मी कलकलचा डबा घेऊन गेले होते. डबा हातोहात फिरत असताना एका जुन्या कार्यकर्तीनं विचारलं, "मस्त झालेत गं. कुणी केले?" मी म्हटलं, "आमच्या घरी केले." त्यावर ती म्हणाली, "घरी म्हणजे कुणी? घर काय पीठ मळतं?"

सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. पण परतताना विरार लोकलमध्ये तो प्रश्न डोक्यातून जाईना. एम.एस.डब्ल्यू. होऊन मला बारा वर्षं झाली. शिबिरात बायकांना "तू काय करतेस?" असं विचारायचं, "काही नाही, घरीच असते" हे उत्तर फळ्यावर लिहायचं आणि तिथून घरकामाच्या मोलाची चर्चा सुरू करायची, हे मी किती वेळा केलं असेल! आणि माझ्याच आईचे चार दिवस 'घरी केले' या दोन शब्दांत मी गुंडाळून टाकले होते.

ज्या मैत्रिणींना वसईतला नाताळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे नाताळची सुरुवात डिसेंबरात होत नाही. ऑक्टोबरात मनुका, बेदाणे, चेरी, संत्र्याची साल बारीक चिरून रममध्ये भिजत पडतात. बरणी दर काही दिवसांनी हलवावी लागते आणि ती कुणाला आठवते हे सांगायला नकोच. मग कलकल. मैदा, अंडं, नारळाचं दूध, तूप घालून पीठ मळायचं, बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून शंखासारखी वळायची, तळायची, साखरेच्या पाकात घोळायची. एका डब्यात अशा शेकडो गोळ्या असतात. नेवऱ्या, रोझ कुकीज, पेरूचं चीज, मार्झिपान हे वेगळंच. मार्झिपानसाठी काजू वाटताना आईचा खांदा भरून यायचा. फुगे मात्र आदल्या दिवशीच, कारण ते शिळे चालत नाहीत. पूर्वी त्यांच्या पिठात ताडी घालत. आजीच्या वेळी घरात ओव्हन नव्हता. केकचं मिश्रण पत्र्याच्या डब्यांतून गावच्या बेकरीत न्यायचं आणि पाव निघाल्यावर भट्टीच्या उरलेल्या धगीत ते भाजून घ्यायचं. रात्री रांगेत बसून आपला डबा सांभाळणाऱ्या बायकांच्या गप्पा आजी फार रंगवून सांगायची. ती सांगायची म्हणजे ते सगळं सुखाचंच होतं असं नाही, पण नुसत्या कष्टाचंही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्यातल्या काहीजणी सणवार म्हटलं की लगेच 'पितृसत्तेचं ओझं' म्हणून फुली मारतात. त्यांना मला विचारावंसं वाटतं, वर्षातून चार रात्री बायका एकत्र बसून मोकळेपणानं बोलतात अशी दुसरी कुठली जागा आपण त्यांना दिली आहे?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की ज्या बायका घरकाम करतात त्यांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि जे पुरुष करतात त्यांची ८८. ही सरासरी बाराही महिन्यांची. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात आपापल्या घरी काय होतं ते ज्याचं त्यानं मांडून पाहावं.

तर हे सगळं तयार झालं की ताटं भरतात. विणलेल्या रुमालानं झाकलेली ही ताटं नाताळाच्या सकाळी पोरं घरोघरी नेतात. दिवाळीत ज्यांच्याकडून फराळ आला त्या हिंदू शेजाऱ्यांकडे आधी. ज्या घरी वर्षभरात कुणी वारलं असेल तिथे त्या नाताळला काही तळत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे ताट आठवणीनं जातं. ही रीत मला आजही फार मोलाची वाटते. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्या नाताळला आमच्या ओट्यावर सतरा ताटं आली. आई रडली ती त्या दिवशी.

पण लहानपणी ताट घेऊन जाताना आम्ही दारात काय सांगायचो? "बाबांनी पाठवलंय." आणि ताट घेणारी बाई आत वळून सांगायची, "अमक्यांकडून आलंय," म्हणजे बाबांच्या नावानं. ज्या बाईनं केलं तिचं नाव दोन्ही घरांत कुठेच यायचं नाही. शेजारची एक बाई आता कलकलच्या ऑर्डरी घेते. ती मैदा, तूप, गॅस यांचा हिशेब लावून किलोचा भाव ठरवते. मी तिला विचारलं, "आणि तुझी मजुरी?" तर म्हणाली, "ती कशाला धरायची? मी काय बाहेर जाते का कामाला?"

आता ज्या ताटासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. ते माझ्या मामाकडून येणारं ताट.

दर नाताळला दुपारी मामा आमच्याकडे यायचा. मोठं ताट, एक केक, आईला साडी, आम्हाला कपडे. आई सकाळपासून दाराकडे बघत असायची. तो यायचा, जेवायचा, जायचा आणि मग आई ते ताट चार दिवस आल्यागेल्याला दाखवायची, "माझ्या माहेरचं." सासरी आईला जी काही मान वर करून बोलायची सोय होती, ती त्या ताटानं होती, हे मला मोठेपणी कळलं.

माझे आजोबा १९९६ साली वारले. त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. जमीन होती, पानमळा होता, विहीर होती. नव्वदच्या दशकात आमच्याकडे इमारती उठायला लागल्या आणि वाडीच्या गुंठ्याला कधी नव्हता तो भाव आला. त्याच वर्षी आईनं आणि मावशीनं हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. सहीच्या दिवशी मामानं दोघींना हॉटेलात जेवू घातलं, एवढंच आईला आठवतं. कागदात काय लिहिलं होतं ते तिनं वाचलं नाही, कुणी वाचून दाखवलंही नाही. आज त्या जागेवर चार मजली इमारत उभी आहे.

आम्हा ख्रिस्ती लोकांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला एकतृतीयांश आणि उरलेल्या दोनतृतीयांशात मुलगे-मुली सारखे वाटेकरी. केरळात, जुन्या त्रावणकोरच्या भागात, मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये यांतलं जे कमी असेल ते मिळायचं. तो कायदा मोडायला मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागलं, निकाल १९८६ साली लागला. आम्हाला तेही भांडावं लागलं नाही. बरोबरीचा कायदा आमच्या आयांच्या जन्माआधीपासून होता. तरी वाटा गेलाच, कारण तो कायद्यानं कुणी काढून घेतला नाही, आईच्या सहीनं गेला. (बापानं सगळं मुलांच्या नावे मृत्युपत्र केलं तर आमच्या मुलींना काही करता येत नाही, हेही खरं. गोव्यात वारसांसाठी अर्धी इस्टेट राखून ठेवावी लागते, ती बापालाही हवी तशी वाटता येत नाही. तिथेही बहिणींकडून सह्या घेतल्या जातातच.)

मी कित्येक वर्षं केंद्रावर येणाऱ्या बायकांना हे समजावून सांगते. वारस नोंदीच्या वेळी सगळ्या बहिणींची नावं अर्जात आहेत का ते बघ. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क गेला असं नाही. पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलंस तर ते मोडणं फार कठीण. फसवून सही घेतली असेल तर ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. हे सगळं मला पाठ आहे. आईला मात्र हे विचारायला मी तिशी ओलांडेपर्यंत थांबले. गेल्या वर्षी, त्या बैठकीहून परतल्यावर, शेवटी विचारलं. "तू सही का केलीस?"

आई नेवऱ्यांना मुरड घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "सही केली नसती तर ताट बंद झालं असतं ना."

मला वाटलं होतं ती म्हणेल, मला कायदा माहीत नव्हता. तिला माहीत होतं. वाटा मागितलेल्या बहिणीकडे भाऊ नाताळला जात नाही, हे गावात तिनं पाहिलं होतं. उद्या सासरी काही झालं तर परत जायला एक दार हवं, तेवढ्यासाठी तिनं जमीन सोडली. 'बायकांना हक्कांची जाणीव नसते' असं आपण अहवालात लिहून टाकतो. आईला जाणीव होती आणि तिचा हिशेबही चुकलेला नव्हता. हिशेबाचे आकडे दुसऱ्यांनी घालून दिले होते, एवढंच.

मग ती आणखी एक गोष्ट बोलली, जी माझ्या कधीच लक्षात आली नव्हती. "आणि ते ताट मामा कुठे करायचा? सगळं तुझी मामी करायची. तिनं पण तिच्या भावांना सही दिलेली."

म्हणजे बघा. एका बाईनं माहेरचा वाटा सोडला. त्या बदल्यात तिला दर वर्षी जे मिळालं ते दुसऱ्या बाईनं रात्री जागून वळलं, तळलं, त्यासाठी तिला दमडी मिळाली नाही आणि तिचाही वाटा असाच कुठेतरी तिसऱ्या बाईच्या हातच्या ताटावर भागवला गेला. मामानं यात काय घातलं? साडीचे पैसे आणि गाडीचं तिकीट. मामा वाईट माणूस नाही, आमच्यावर जीव टाकायचा. म्हणूनच तर त्याच्याबद्दल असं लिहिताना हात अडखळतो.

ही फक्त ख्रिस्ती घरांची कहाणी समजू नका. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती २००५ साली झाली. त्यानंतरही भाऊबीजेच्या ओवाळणीआधी बहिणींना निबंधकाच्या कचेरीत नेऊन आणल्याच्या हकिगती आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. साडीचोळीवर बोळवण हा शब्द आपल्या भाषेत उगाच नाही आला.

मग काय, ताटं बंद करायची? मला तसं अजिबात वाटत नाही. ज्या सकाळी सतरा घरांनी आमच्या ओट्यावर ताटं ठेवली, ती सकाळ मला कुठल्याही वाट्याच्या बदल्यात द्यायची नाही. पण वाटाही ताटाच्या बदल्यात द्यायचा नाही. भेट ती भेट आणि हक्क तो हक्क. दोन्ही एकाच रुमालाखाली झाकून आणलेले मला चालणार नाहीत.

बोलणं सोपं आहे. बाबांच्या वारस नोंदीचे कागद गेल्या महिन्यात तयार झाले. माझं नाव त्यात आहे, ते मी भांडून घातलं. त्यासोबत भावानं हक्कसोडपत्राचा मसुदाही दिला आहे. तो माझा धाकटा भाऊ, मी त्याला कडेवर घेऊन फिरवलेला. "तायडे, नुसती फॉर्मॅलिटी आहे," म्हणाला. आई म्हणते, "करून टाक सही, एकुलता भाऊ आहे." ज्या बाईनं मला ताटाचा हिशेब समजावला तीच हे म्हणते! माझा नवरा म्हणतो, "तुझं तू ठरव," आणि मला खात्रीनं सांगता येत नाही की त्याला माझी काळजी आहे की त्या जमिनीची.

मसुदा माझ्या कपाटात पडून आहे. मी सही केलेली नाही. भावाला मी एवढंच सांगितलं आहे की यंदा ताट घेऊन २५ तारखेला येऊ नकोस. २२ तारखेला संध्याकाळी ये, फणी घेऊन ये आणि वहिनीला घरी झोपू दे. चार किलोचे कलकल आहेत, आई पीठ मळून ठेवणार आहे. वळता वळता बोलू.

तो "बघतो" म्हणाला आहे.