आसवनीचा उष्मा आणि पाण्याचा हिशेब

उसाच्या मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवनीत किण्वनाच्या टाकीला बाहेरून आच द्यावी लागत नाही, उलट आत उत्पन्न होणारी आच अहोरात्र काढून घ्यावी लागते. कारण यीस्ट साखरेचा मद्यार्क करीत असता स्वतःच उष्णता निर्माण करते, आणि ३२-३३ अंशांच्या आसपास सुखाने नांदणारा हा सूक्ष्म जीव पारा चाळिशीकडे सरकू लागताच मंदावतो, व भोवती मद्यार्क साचलेला असेल तर मरूनही जातो. त्याला जगविण्यासाठी जे पाणी खेळवावे लागते, ते कूलिंग टॉवरवर पुन्हा निवते खरे, परंतु त्यातील काही हिस्सा वाफ होऊन उडून गेल्यावाचून उरलेले गार होत नाही. सबब सोलापूर-अहिल्यानगरसारख्या अवर्षणप्रवण मुलुखात, ऐन वैशाखात गावोगाव टँकरची तजवीज चाललेली असताना, उष्णता सोसणाऱ्या यीस्टचा प्रश्न हा मला प्रथम पाण्याचा प्रश्न वाटतो, उत्पादनवाढीचा नंतर.

या दिशेने झालेले एक संशोधन फार मोलाचे आहे. २०१४ साली स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातील येन्स नील्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी साधे यीस्ट ४० अंशांच्या आसपास शेकडो पिढ्या वाढविले आणि तगलेल्या वाणांची जनुके तपासली, तेव्हा इतर काही बदलांबरोबर 'ईआरजी-३' नामक जनुक त्यांत निकामी झालेले आढळले. त्यामुळे पेशीच्या आवरणात नेहमीच्या अर्गोस्टेरॉलऐवजी फेकोस्टेरॉल येत होते, आणि तेवढाच फेरफार मूळ यीस्टमध्ये मुद्दाम घडविला असताही सहनशक्तीचा मोठा वाटा त्याला लाभला. एका जनुकाच्या लोपाने एवढे साधावे, हे विलक्षण आहे! मात्र असे वाण नेहमीच्या ३० अंशांत मूळ यीस्टच्या मागे पडतात, हेही पुढे दिसून आले. आणि आमच्या आसवन्यांना पौषातली थंडीही काढावयाची असते.

शिवाय प्रयोगशाळेतील स्वच्छ ग्लुकोज निराळे, आणि क्षारांनी व आगंतुक जिवाणूंनी भरलेली मळी निराळी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, मांजरीस ऊस-उत्पादकांनीच उभारलेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे; या दोहोंनी सहकारी कारखान्यांच्या खर्चाने अशा वाणांची परीक्षा चालू आसवनीत, मे महिन्यात आणि जानेवारीतही, घ्यावी असा माझा आग्रह आहे. १०० भाग ग्लुकोजपासून सिद्धांततः ५१ भाग मद्यार्क मिळतो. त्यापैकी प्रत्यक्ष किती हाती आला, याच्या शेजारी दर लिटरमागे किती पाणी उडाले याचाही रकाना या परीक्षेच्या दप्तरात असावा, आणि ते दप्तर सभासद शेतकऱ्यांना पाहावयास खुले असावे.

— जिज्ञासू