गाडी हवेत, बोल्ट आवळलेला!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि आज सरळ भांडायलाच बसलोय. गाड्यांचं नाव काढलं की जांभया देणाऱ्यांनीसुद्धा (ताई, तुझ्याबद्दलच बोलतोय) वाचा, कारण यात बाबा आहेत.

माझ्याकडची लाल एमजीबी तुम्ही फोटोत पाहिली आहेच. १९७२ची, दोन सीटची, पावसात छपरातून गळणारी. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला अशा पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. स्पोर्ट्‌स कार म्हणून मिरवते, पण मागून खाली वाकून पाहिलंत तर हसाल. आपल्या ट्रकला असतात तसेच कमानीसारखे वाकवलेले पोलादी पाटे आणि त्यांवर आडवा अ‍ॅक्सल! पाट्याचं पुढचं टोक गोल वळवलेलं असतं आणि त्यात एक बुश बसतो: बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मधे दोन्हींना घट्ट चिकटवलेलं रबर. मागचं टोक शॅकलवर झुलतं, आणि तिथे दर बाजूला चार छोटे अर्धे रबरी बुश. बस्स. एवढंच ते प्रकरण.

मी गाडी घेतली तेव्हा सोबत पावत्यांची जाडजूड फाईल मिळाली होती. त्यात एका पावतीवर अभिमानानं लिहिलेलं: मागचे सगळे बुश काढून पॉलियुरेथेनचे बसवले, अपग्रेड. मीही खूश. अपग्रेड म्हणजे चांगलंच असणार ना!

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले. आयुष्यभर एसटीच्या डेपोत पाट्यांखाली पाठ टेकून काम केलेला माणूस. वय वर्षं चौऱ्याहत्तर, त्यात कमरेचं दुखणं. मोठ्या हौसेनं त्यांना शेजारी बसवून निघालो. पहिल्या मैलभरात ते काही बोलले नाहीत. नंतर डाव्या हातानं दार घट्ट धरलं. रस्त्यावरचं प्रत्येक ठिगळ सरळ मणक्यात, आणि मागून सतत कुईकुई, जुना पाळणा हलवावा तशी. एका ओल्या वळणावर मागचा भाग असा अचानक सरकला की माझ्याच पोटात गोळा आला. घरी आलो. उतरायला त्यांना माझा हात लागला. म्हणाले, "बैलगाडी बरी रे. निदान बैल तरी सांगून वळतात."

नंतर आठवडाभर त्यांनी गाडीत बसायचं नाव काढलं नाही. मला लाज वाटली, खरंच सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. या जुन्या गाड्यांच्या जगात एक अंधश्रद्धा पसरलेली आहे: रबर म्हणजे जुनं, पिचणारं, गावठी, पॉलियुरेथेन म्हणजे आधुनिक, कडक, रेसिंगवालं. लाल-निळ्या-पिवळ्या रंगात मिळतं, म्हणजे भारीच असणार! माझं म्हणणं साधं आहे. रस्त्यावरच्या गाडीच्या मागच्या पाट्यांना हे अपग्रेड नाही, बिघाड आहे. पैसे देऊन विकत घेतलेला बिघाड.

कारण रबर घासत नाही, पिळतं. चाक वर-खाली झालं की बुशमधलं रबर स्वतःत पीळ घेतं आणि परत सरळ होतं. कुठे काही सरकत नाही, म्हणून वंगण लागत नाही, आवाज नाही. पॉली कशालाच चिकटलेलं नसतं. ते नळीवर घासत फिरतं, म्हणून त्याला ग्रीस लागतं. पावसापाण्यात ग्रीस गेलं की ते आधी अडकतं, मग झटक्यात सुटतं. हीच ती कुईकुई. शिवाय गाडी वळणावर एका बाजूला झुकते तेव्हा पाट्याच्या टोकाला थोडं तिरकं व्हावं लागतं. रबर ते होऊ देतं. कडक बुश अडवतो, मागचा भाग नको तितका ताठ होतो, आणि ओल्या रस्त्यावर आधी तोच निसटतो. हौशी मंडळी याला "फील" म्हणतात. बाबांच्या कमरेला विचारा.

रेस ट्रॅकवरच्या गाडीला कडक बुश घाला, माझं काही म्हणणं नाही. तिथे वडिलांना कोणी शेजारी बसवत नाही :)

आणि कारखान्यालाही कडकपणा हवा होता तेव्हा त्यानं काय केलं? १९७३ ते १९७६ मधे व्ही-८ इंजिनाची जीटी आली. इंजिन दुप्पट ताकदीचं नसलं तरी चांगलंच दांडगं. तिच्या पुढच्या सस्पेन्शनला बसवलेला बुश लोखंडी नळ्यांमधे चिकटवलेल्या रबराचाच होता! आजही शहाणे लोक साध्या एमजीबीला पुढे तेच घालतात.

पॉलीवाले यावर म्हणतात, "पण नवीन रबर दोन वर्षांत फाटतं!" हे खोटं नाही. बाजारात भिकार रबर भरपूर आहे. पण फाटण्याचं दुसरं कारण कोणी बोलत नाही, आणि ते मला बाबांनी शिकवलं.

मी रबरी बुश मागवले (एकाची किंमत इथल्या एका पिझ्झ्याएवढीही नाही) आणि एका शनिवारी कामाला लागलो. बाबा गॅरेजच्या दारात स्टुलावर, हातात चहा. डावा पाटा सहज निघाला. उजव्याचा पुढचा बोल्ट मात्र बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला. तेल घातलं, तापवला, शिव्या दिल्या. शेवटी करवतीनं कापला, दुपार त्यातच गेली. नवा बुश मोठ्या शेगड्यात (म्हणजे आपल्या व्हाइसमधे) धरून, मागे पान्याची गोटी लावून दाबत दाबत बसवला. शॅकलचे आठ अर्धे बुश हातानंच बसले. मी पाऊण इंची पाना घेतला आणि पुढचा बोल्ट आवळायला लागलो.

"थांब. गाडी कुठं टेकलीय?"

स्टँड बॉडीखाली होते. अ‍ॅक्सल खाली लोंबकळत होता.

"आमच्या एसटीच्या पिनांना ग्रीसचे निपल असायचे, तिथं कसंही आवळ, चालतंय. हे रबर आहे. लोंबत असताना आवळलंस तर लोंबतानाची जागा त्याला घर वाटणार. खाली टेकवलीस की जन्मभर पीळ घेऊन बसणार ते. फाटंल नाही तर काय करंल?"

मंडळी, इथे माझी ट्यूब पेटली. बहुतेक गॅरेजमधे गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर बॉडीला धरून उचलतात. चारही चाकं हवेत. मेकॅनिक तिथेच बुश बदलतो, तिथेच करकचून आवळतो, गाडी खाली येते, आणि नवंकोरं रबर पहिल्या मिनिटापासून पिळलेलं. वर्ष-दोन वर्षांत चिकटवलेली जागा सुटते. मग तोच मेकॅनिक मान हलवून म्हणतो, रबरात आता दम नाही राहिला, पॉली घाला! म्हणजे चूक पान्याची आणि बदनामी रबराची. माझ्या फाईलमधे पॉलीच्या पावतीच्या दीड वर्ष आधीची रबरी बुशांची पावती आहे. एकाच गॅरेजची. नाव लिहीत नाही, पण तुमच्याही फाईलमधे शोधा.

मी बोल्ट सैल केला. स्टँड काढून अ‍ॅक्सलखाली लावले, गाडीचं सगळं वजन पाट्यांवर येऊ दिलं, बॉडी दोन-चारदा दाबून झुलवली आणि मग आवळलं. वेळ लागला दहा मिनिटं. तुमचा गॅरेजवाला ही दहा मिनिटं देत नसेल तर त्याला विचारा, आणि तो हसला तर गाडी घेऊन घरी या.

रविवारी सकाळी बाबा आपणहून दार उघडून बसले. अ‍ॅबिंग्डनपर्यंत गेलो, नदीकाठी चहा घेतला, परत आलो. गाडी तीच, पाटे तेच. कुईकुई नाही. येताना एका खड्ड्यावरून गेलो तेव्हा मी धसकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना झोप लागली होती.