खड्डे किती ते नको, रोप कुठलं ते विचारा

जून उजाडला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास उगवतात. टाकळा आणि वृक्षारोपणाचे बॅनर. यंदाही टेकडीवर जेसीबी चढलाय. खड्ड्यात रोप, रोपापुढे साहेब, साहेबांपुढे कॅमेरा.

मी गेली अठरा वर्षं देशी झाडांची रोपवाटिका चालवतो, उजाड झालेल्या जागा सावरायचं काम करतो. म्हणून स्पष्टच लिहितो, राग आला तरी चालेल. या उत्सवात झाडांपेक्षा आकडा मोठा झालाय.

राज्याच्या मोहिमेची उद्दिष्टंच बघा. 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4, 2018 ला 13 आणि 2019 ला 33 कोटी! आकडा गाठायचा म्हटलं की जे पटकन वाढतं तेच लावलं जातं. पुण्याच्या टेकड्यांवरचं गिरिपुष्प बघून या. मूळचं मध्य अमेरिकेतलं. झटपट वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत. लांबून हिरवंगार दिसतं. पण त्याच्या दाटीत आपलं गवत आणि आपली झुडपं हटत जातात.

आणि माळरान? कागदावर ते 'पडीक'. लांडगा, चिंकारा, तणमोर, माळढोक या 'पडीक' जमिनीवरच जगतात, आणि धनगराची मेंढरंही. तिथे खड्डे मारून दाट झाडी करणं म्हणजे त्यांचं घर मोडणं.

लोक म्हणतात, "काहीच न लावण्यापेक्षा काहीतरी लावलेलं बरं ना?" नाही हो. कित्येक ठिकाणी चार-पाच वर्षं वणवा आणि चराई आवरली, तर पळस-धावड्याचे जुने खुंट आपणहून फुटतात. फुकटात. पण त्याचं उद्घाटन करता येत नाही ना!

दर महिन्याला एखादा मुलगा, एखादी मुलगी विचारते, "दादा, यात करिअर आहे का?" काय सांगू? काम डोंगराएवढं आहे. पळसाच्या शेंगा पावसाआधी गोळा करायच्या. धावड्याचं बी ढीगभर पेरावं तेव्हा कुठे चार रोपं येतात. जाळरेषा काढायच्या, घाणेरी उपटायची, गुराख्यांशी बसून बोलायचं, आणि हे तीन-चार वर्षं चालू ठेवायचं. यातल्या बऱ्याच कामांना निविदेत नीट दर नसतो. दर असतो खड्ड्याला.

मागच्या वर्षी एका ठिकाणी आमची पाचशे रोपं परत पाठवली. कारण? उंची कमी. अहो, आपली डोंगरी झाडं आधी मूळ खाली घालतात, मग वर येतात. पण फोटोत मूळ दिसत नाही.

बॉटनी शिकलेली पोरं शेवटी बँकेच्या परीक्षा देतात. आणि कुठलं बी कधी पडतं हे ज्या आजीला तोंडपाठ आहे, ती रोजंदारीवर खड्डे खणते. हा दोष त्यांचा नाही, आपण पैसे कशाचे मोजतो त्याचा आहे.

म्हणून यंदा टेकडीवर बोलावणं आलं तर जरूर जा. पण आपल्या नगरसेवकाला, अधिकाऱ्याला तिथेच तीन प्रश्न विचारा. रोप कुठल्या जातीचं? खड्ड्याच्या जागी आधी काय उगवत होतं? आणि पुढची तीन वर्षं ते कोण सांभाळणार, किती पगारावर?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर फोटोत उभे राहू नका.