गाणे कोणाचे?

आमच्या उपनगरांत दिवाळीची पहाट आता फटाक्यांइतकीच गाण्यांनी उजाडते. पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास, अशी नाट्यगृहे जिथे आहेत तिथे नाट्यगृहात, जिथे नाहीत तिथे मैदानावर किंवा सोसायटीच्या आवारात, अभ्यंगस्नान आटोपून, नव्या साड्या नि झब्बे घालून मंडळी खुर्च्या धरतात. हे फार चांगले झाले. मी स्वतः होता होईतो एकही पहाट चुकवीत नाही. पण या सोहळ्यात एक चोरी राजरोस चालते आणि तिच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही, म्हणून हा लेख. सणासुदीला भांडण काढू नये म्हणतात. पण घरचे भांडण सणालाच निघते, कारण त्या दिवशी सगळे घरी असतात!

चोरी नावांची आहे. निवेदक महाशय पुढे येतात, चांदणे, पारिजातक, आजीची गोधडी असे काहीबाही बोलून पाच मिनिटे घेतात आणि शेवटी म्हणतात, “तर ऐकू या, लताबाईंचं एक अजरामर गीत.” लताबाईंचे! बस्स. ते कोणी लिहिले, चाल कोणी लावली, याचा पत्ता नाही. गोधडीला वेळ आहे, गीतकाराला नाही.

मागच्या एका वर्षी मी मध्यंतरात अशा एका निवेदकाला गाठले. गृहस्थ नम्र होते. म्हणाले, “बाई, नावं वाचत बसलो तर लोक कंटाळतात हो. लोकांना आवाज हवा असतो.” मी म्हटले, “आणि त्या आवाजानं काय म्हणायचं, ते कोणी ठरवलं?” ते हसले आणि चहा घ्यायला गेले.

लोकांना आवाज हवा असतो हे मला ठाऊक आहे, कारण त्या लोकांतलीच मी एक आहे. घाटकोपरच्या चाळीत आमच्या घरी रेडिओ मावळतीच्या खिडकीत असे, आणि ‘आपली आवड’ लागली की स्वयंपाकघरातली फोडणीसुद्धा जपून पडे. माणिक वर्मांच्या आवाजातला लडिवाळपणा, मालती पांडे यांच्या गाण्यातला घरगुती गोडवा, सुमन कल्याणपुरांचा तो रेशमासारखा हळुवार स्वर, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. पण त्याच रेडिओने मला आणखी एक शिकवले. प्रत्येक गाण्याआधी किंवा नंतर निवेदिका संथ स्वरात तीन नावे सांगे : गीत अमक्याचे, संगीत तमक्याचे, गायक अमुक. न चुकता तीन. आम्हा मुलांना ती पाढ्यासारखी पाठ झाली. पी. सावळाराम म्हटले की वसंत प्रभू आलेच. मंगेश पाडगावकर म्हटले की श्रीनिवास खळे किंवा यशवंत देव, आणि पुढे बहुतेक वेळा अरुण दाते. नावे कानावर पडत होती म्हणून कंटाळा आला, असे आमच्या चाळीत कोणी म्हटल्याचे मला स्मरत नाही.

पुढे कॅसेट आली. तिच्या डबीत घडी घातलेला कागद असे आणि मुंगीएवढ्या अक्षरांत का होईना, प्रत्येक गाण्याखाली गीतकार-संगीतकार छापलेले असत. मग एक दिवस घाटकोपर नि अंधेरी स्टेशनांबाहेर पदपथावर एमपीथ्रीच्या तबकड्या आल्या. एका तबकडीत दोनशे गाणी, किंमत भेळेइतकी. वर लताबाईंचा किंवा आशाबाईंचा फोटो, आत गाण्यांचे नुसते मुखडे. माझ्या मते नावांचा खून तिथे पडला. आता फोन आहे. फोनवर गाणे लावले की मोठ्या अक्षरांत गायक दिसतो. बाकीची दोन नावे दिसलीच तर तीन ठिकाणी बोट दाबून दिसतात, आणि इतके दाबूनही कधी चुकीची निघतात. गायकसुद्धा सुरक्षित नाहीत. सुमनताईंची गाणी लताबाईंच्या नावावर फिरताना मी कितीदा पाहिली! सुमनताईंना 2023 साली पद्मभूषण मिळाले. त्यांची सगळी गाणी त्यांना परत मिळतील तो दिवस मी पाहीन की नाही कोण जाणे.

आता मौज पाहा. नावासाठी पहिले मोठे भांडण भांडल्या त्या खुद्द लताबाईच. 1949 च्या ‘महल’ची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव होते ‘कामिनी’. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे! हे गाते कोण, अशी श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा खरे नाव लोकांपुढे आले. पुढे फिल्मफेअरच्या सोहळ्यात संगीतकाराला बाहुली मिळते, गायकाला का नाही, असा सवाल करून त्यांनी त्या मंचावर गायला नकार दिला, आणि 1959 पासून पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले. ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी पहिले त्यांनाच मिळाले. म्हणजे ज्या बाईने नावाचा हक्क मिळवून दिला, तिच्याच नावाखाली आम्ही आज बाकीच्यांची नावे पुरतो. ही तिची भक्ती म्हणायची की काय?

मुलगी सासरी निघाली की मांडवात हटकून वाजणारे ते लताबाईंचे गाणे घ्या. डोळे न पुसणारी आई मला अजून भेटायची आहे. पण त्या आईच्या मनातले शब्द लिहिले एका बाप्याने, सांगली जिल्ह्यातल्या येडेनिपाणीच्या निवृत्ती रावजी पाटलांनी. हेच पी. सावळाराम. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाणे लागते, त्या ठाण्याचे ते नगराध्यक्षही होते. चाल वसंत प्रभूंची. मांडवात रडणाऱ्या शंभर माणसांत ही दोन नावे सांगणारे दोघे निघाले तर मी पेढे वाटीन.

बोरिवलीचे नाट्यगृह प्रबोधनकारांच्या नावाचे. तिथे रफीसाहेबांच्या मराठी गाण्यांना हमखास टाळ्या पडतात. ‘रफींची मराठी गाणी’ म्हणूनच ती ओळखली जातात. रफींकडून ती गाऊन घेणारे उर्दूचे जाणकार संगीतकार श्रीकांत ठाकरे, म्हणजे ज्यांचे नाव दारावर आहे त्या प्रबोधनकारांचे चिरंजीव! आणि त्यांतल्या बऱ्याच गाण्यांचे शब्द वंदना विटणकरांचे. वडिलांचे नाव बाहेर दगडावर, मुलाची चाल आत रंगमंचावर, आणि निवेदकाला दोन्हींचा संबंध ठाऊक नाही.

आमच्या भागातल्या एका भजनी मंडळाच्या पुस्तिकेत तर मी कमाल पाहिली. भीमसेनांनी गायलेले, आळंदीचे आणि इंद्रायणीच्या काठाचे ते विख्यात पद ‘संतवाणी’ या मथळ्याखाली छापलेले! अहो, ते 1953 च्या ‘गुळाचा गणपती’ या बोलपटातले गाणे आहे. शब्द गदिमांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचे. पु. ल. वाढले आमच्या जोगेश्वरी-पार्ल्यात. मी मंडळाच्या प्रमुख काकूंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “असेल गं, पण देवाच्या गाण्याला कशाला हवं नाव?” मला गंमत वाटली. आमच्या संतांनी तर शेवटच्या चरणात आपले नाव घालायचा दंडकच घातला आहे! ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’. त्यांना विठ्ठलापुढे नाव सांगायचा संकोच वाटला नाही. कोणाचे बोल कोणाचे, हे चारशे वर्षांनी आम्हांला कळते ते त्यामुळेच.

काहींनी नाव आपण होऊन लपवले, ती गोष्ट वेगळी आणि गोड आहे. शांताबाई शेळक्यांनी काही गीते ‘वसंत अवसरे’ या नावाने लिहिली. लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने चाली दिल्या, आणि ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन कोण ते फुटले. स्वतःच्या चेहऱ्यावर स्वतः बुरखा घेणे निराळे आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पोते टाकणे निराळे.

यावर माझ्या शाळेतले एक सहकारी, वाद घालण्यात तरबेज, मला म्हणाले, “बाई, शब्द आणि चाल कागदावर पडून असते. तिच्यात जीव गायक ओततो. म्हणून गाणं गायकाचंच.” मला हा मुद्दा थोडा तरी मानावा लागतो, कागदावरची चाल गुणगुणता येत नाही. पण मग ‘गीतरामायणा’चे काय करायचे? 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणी पुणे केंद्रावरून ते सुरू झाले. आठवड्याला एक याप्रमाणे 1956 च्या एप्रिलपर्यंत छप्पन्न गीते झाली. गाणारे किती! माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, गजाननराव वाटवे, ललिता फडके, स्वतः लताबाई. पुढे सुधीर फडक्यांनी ती सारी एकट्याने गायली आणि गावोगावी लोक त्यांच्या आवाजावरही तसेच झुलले. गळे बदलले, गाणे तेच राहिले. मग ते ‘तेच’ जे राहिले ते कोणाचे? गदिमांचे आणि बाबूजींचे. आणि लक्षात घ्या, गीतरामायण म्हटले की साध्यातला साधा माणूसही ही दोन नावे एका श्वासात सांगतो. त्याला कंटाळा येत नाही, त्याची स्मरणशक्ती कमी पडत नाही. कारण ती त्याला सतत सांगितली गेली. एवढेच कारण.

आणि हा नुसता मानापानाचा प्रश्न नाही, भाकरीचा आहे. चित्रपटासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या गीताचा आणि संगीताचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली ठरवले. एकदा हातावर रक्कम ठेवली की गाणे पन्नास वर्षे वाजो, कवीला त्याचे काही नाही. 2012 साली कायदा बदलला. रॉयल्टीतला समान वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला मिळालाच पाहिजे आणि तो हक्क निर्मात्याने लिहून घेऊ नये, असे ठरले. उत्तम. पण वाटा पोचतो नावावर. जिथे गाण्यावर नावच नाही, किंवा दुसऱ्याचेच आहे, तिथे मनिऑर्डर कोणाच्या पत्त्यावर जाणार?

या प्रकरणात साहित्यिक मंडळीही साळसूद नाहीत, हे अशा अंकातच सांगितले पाहिजे. दिवाळी अंकांत कवितांची पाने वेगळी राखलेली असतात. त्यांत भावगीत लिहिणाऱ्याला सहसा पाट मिळत नाही. ‘तो काय, गाणी लिहितो!’ असे नाक मुरडून म्हणतात. समीक्षकाच्या लेखी तो कवी नाही कारण लोक त्याला गातात, आणि लोकांच्या लेखी तो कोणीच नाही कारण ते गायकाला ऐकतात. बिचारा दोन्ही पंगतींतून उठवलेला. मी कादंबऱ्या लिहिते. माझी चारशे पानांची कादंबरी जिथे पोचत नाही, त्या माजघरात यांच्या आठ ओळी सत्तर वर्षे नांदताहेत. मला त्यांचा हेवा वाटतो, आणि ज्याचा हेवा वाटतो त्याला निदान नावाने ओळखावे.

वाद्यवृंदाचे तर बोलूच नये. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतले ते व्हायोलिनांचे लोंढे बांधून देणारे गोव्याचे सॅबेस्टियन डिसोझा कोणाला आठवतात? प्यारेलालांनी तर आपल्या गुरूचे, अँथनी गोन्साल्विस यांचे, नाव 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात साक्षात घालून दिले. सारा देश ते नाव घेऊन नाचला आणि तो विनोदी पात्राचा नामोच्चार समजला!

माझे मागणे मोठे नाही. निवेदकाने एक पारिजातक कमी करावा आणि त्या जागी दोन नावे घ्यावीत. सोसायटीच्या कार्यक्रमाची पत्रिका छापाल तेव्हा गाण्यापुढे तीन रकाने आखा. गाणे फोनवर चढवणाऱ्या कंपन्यांना तर हे एका बोटाचे काम आहे. त्यांच्याकडे जागा कमी नाही, चाड कमी आहे. आणि घरात फराळ करताना गाणे लागले की आजोबांनी नातवंडांना विचारावे, ओळख पाहू कोणाचे? आणि उत्तर एका नावावर स्वीकारू नये.

शाळेत मी हेच करते. आमच्याकडे राज्यगीत होते. 2023 साली ते राज्यगीत ठरल्यावर मी सहावीच्या वर्गाला विचारले, हे गीत कोणाचे? बरीच मुले म्हणाली, शाहीर साबळ्यांचे. एक मुलगी उठून ठसक्यात म्हणाली, “सरकारचं!” मग मी फळ्यावर लिहिले : शब्द राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे, गायन शाहीर साबळे. तेव्हापासून दर शनिवारी शेवटच्या तासाला एक गाणे ऐकायचे आणि वहीत तीन नावे लिहायची, असा आमचा परिपाठ आहे. आधी कुरकूर झाली. आता मुले घरून नावे शोधून आणतात, एकमेकांच्या चुका काढतात. गेल्या महिन्यात खळ्यांचे एक गाणे झाले, मी तीन नावे लिहिली, वह्या मिटल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी खिडकीबाहेर बघणारा, हात वर करून उभा राहिला.

“बाई, आणि तबला कोणी वाजवलाय?”