गाणे जुने, पेटी नवी

वाचकहो, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आज एक प्रश्न विचारा. "आपल्या घरी पहिला रेडिओ कधी आला?" उत्तर बहुधा सालासकट मिळेल. कोणत्या पिकाच्या पैशातून आला, कुठल्या कोनाड्यात ठेवला, त्याला कापडाची खोळ कुणी शिवली, हेही कळेल. तेव्हा रेडिओला परवाना लागे. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरावे लागत. ऐंशीच्या दशकात तो परवाना गेला. पण ज्या वस्तूची सरकारदरबारी नोंद करावी लागे, तिचा घरात काय मान असेल ते वेगळे सांगायला नको.

आता दुसरा प्रश्न विचारा. "त्यावर काय ऐकत होता?" शेतीचा कार्यक्रम, बाजारभाव, बातम्या हे तर आलेच. पण सांगता सांगता गाडी गाण्यावर येईल. आणि ती गाणी धांगडधिंग्याची नसतील. संथ चालीची, शब्द नीट कानावर पडणारी, भाकरी थापताना किंवा कांदा निवडताना सोबत करणारी. आकाशवाणीने त्याला नाव दिले होते सुगम संगीत. हे संगीत रेडिओवरून मागे का पडले आणि मागे पडूनही मेले का नाही, याचा आज विचार करू.

गाण्यांवर बंदी आणि सिलोनची चांदी

१९५२ साली केंद्रात नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकरांकडे आले. केसकर पुण्याचे. शास्त्रीय संगीताचे मोठे भोक्ते. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत होते. त्यांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली. पण लोकांच्या कानाला कुलूप कोण लावणार? लोकांनी काटा फिरवला आणि थेट सिलोन लावले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज गावोगाव पोचला. २०२४ च्या फेब्रुवारीत सयानी गेले, तेव्हा साठी-सत्तरीच्या कितीतरी माणसांना घरचेच कुणी गेल्यासारखे वाटले.

अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. आपल्या भागातल्या ज्या घरांतून पोरे फौजेत गेली, त्यांना फौजी भावांसाठीचा 'जयमाला' कार्यक्रम वेगळा सांगायला नको. घरची माणसे इथे ऐकत आणि पोरगा सरहद्दीवर ऐके. दोघांच्या मध्ये तेवढा एकच धागा असे.

केसकरांच्या बंदीतून एक चांगली गोष्टही झाली. सिनेमाची गाणी नाहीत म्हटल्यावर आकाशवाणीला स्वतःची गाणी करून घेणे भाग पडले. कवी, संगीतकार, गायक यांना रेडिओने काम दिले. मराठीत भावगीत आधीपासून होतेच. गजाननराव वाटव्यांनी ते घरोघर नेले होते. रेडिओने त्याला व्यासपीठ दिले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले आणि १९५५ च्या रामनवमीला त्याच केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. आठवड्याला एक नवे गाणे, अशी वर्षभरात छप्पन गाणी झाली. पुढे मुंबई केंद्रावर मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, यशवंत देव, अरुण दाते अशी माणसे जमली. दात्यांना ज्या 'शुक्रतारा'ने घराघरात नेले, ते गाणे रेडिओसाठीच झाले होते.

म्हणजे बघा, ही गाणी कुणा कंपनीने खप बघून काढलेली नव्हती. सरकारी रेडिओच्या पैशावर, सावकाश, चांगली माणसे बसवून ती झाली. म्हणून ती टिकली. आणि नेमके हेच पुढे त्यांच्या मुळावर आले.

जाहिरातीचे गणित

२००१ साली देशात खाजगी एफएम केंद्रे सुरू झाली. पुढे ती आपल्या नगरपर्यंतही आली. अशा केंद्राचे पोट जाहिरातीवर भरते. जाहिरात देणारा विचारतो, ऐकतो कोण? त्याला तरुण गिऱ्हाईक हवे. मोटारसायकल, मोबाईल, साबण, कपडे घेणारे. सत्तरीच्या आजोबांना तो काय विकणार? म्हणून गाणे नवे, चाल वेगाची आणि दोन गाण्यांच्या मध्ये बडबड. ऐकणारे कमी होते म्हणून शांत गाणे गेले असे नव्हे. ऐकणारे म्हातारे होत चालले, म्हणून ते गेले.

हे आपल्याकडेच झाले असेही नाही. अमेरिकेत साठ आणि सत्तरच्या दशकांत संथ वाद्यसंगीताची एफएम केंद्रे फार लोकप्रिय होती. निवेदक कमी बोले, गाणी एकामागून एक चालत. कितीतरी शहरांत ही केंद्रे ऐकणाऱ्यांच्या संख्येत वरच्या नंबरात असत. तरी ऐंशीच्या दशकात ती एकेक करून बदलली. कारण हेच. श्रोते भरपूर, पण जाहिरातदाराला नको त्या वयाचे.

पुढे धंद्यालाच कळले की जुन्यात पैसा आहे. मोठ्या शहरांतल्या काही केंद्रांनी २०१० नंतर 'रेट्रो' अशी पाटी लावली. पण वाचकहो, 'जुने' हा शब्द सरकता आहे. आजोबांचे जुने म्हणजे सैगल आणि वाटवे. बापाचे जुने म्हणजे सत्तर-ऐंशी सालचे. आज एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या पोराचे जुने म्हणजे नव्वदच्या पुढचे. माणसाच्या दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत पक्क्या बसतात, असे मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात. गाण्याचेही तसेच. म्हणून प्रत्येक पिढीबरोबर जुन्याची हद्द पुढे सरकते आणि मागची गाणी शिवेबाहेर पडतात.

याला एक मोठा अपवाद सांगतो. रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा अर्धा तास असे आणि आठ वाजायच्या आत शेवटचे गाणे सैगलचे लागे. सैगल वारले जानेवारी १९४७ मध्ये. त्यांच्या मागे कित्येक दशके हा नेम चालला. लोक त्यावर घड्याळ लावत. श्रोत्यांचा आग्रह काय करू शकतो, ते यातून कळते.

मधली लहर आटली

दुसरी गोष्ट यंत्राची. आपला जुना रेडिओ मध्यम लहरीवर चाले. ही लहर लांब जाते, रात्री तर फारच लांब. गेल्या काही वर्षांत देशभर अशी कितीतरी जुनी प्रक्षेपण यंत्रे बंद झाली. जी उरली त्यांच्यावर घरातले एलईडी दिवे आणि पंपाचे स्टार्टर खरखर आणतात. एफएमचा आवाज स्वच्छ, पण डोंगर आड आला की अडतो. सुप्याच्या उघड्या माळावर जे केंद्र छान लागते, ते खाली ओढ्याकाठच्या वस्तीवर लागेलच असे नाही.

म्हणून घरातला रेडिओ बिघडला, तर तो खरेच बिघडला की केंद्रच बंद झाले, हे आधी बघा. सेल बदलून बदलून थकलेले आणि शेवटी "माझ्या कानालाच ऐकू येईना" म्हणून गप्प बसलेले म्हातारे थोडे नाहीत. वस्तीवर पोरगा पाळीला, सून रानात, नातवंडे शाळेत. दिवसभर त्या माणसाला सोबत होती ती त्या पेटीची. ती गेली आणि घरात कुणाला पत्ताही नाही.

उपाय अवघड नाहीत. नवा रेडिओ घेताना त्यावर एफएम पट्टी आहे ना, ते बघून घ्या. नगर आकाशवाणी १००.१ वर लागते. साध्या बटणाच्या मोबाईलवरही बहुधा रेडिओ असतो, मात्र पुष्कळ फोनांत कानातली वायर जोडावी लागते, कारण तीच त्याची एरियल. २०२३ च्या एप्रिलात केंद्र सरकारने मोबाईल कंपन्यांना फोनमधला एफएम चालू ठेवण्याची सूचना दिली होती. घरी डीडी फ्री डिशची छत्री असेल, तर तिच्यावर चित्रवाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्या वाहिन्याही येतात. एकदा पोराने लावून द्यायच्या आणि नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा. २०१७ पासून पाच हजार गाणी भरलेली 'कारवां' नावाची पेटीही मिळते. ती मराठी गाण्यांचीही निघाली. किंमत रेडिओपेक्षा पुष्कळ जास्त आहे, तेव्हा ऐपत बघूनच घ्या. ही पेटी बघता बघता खपली, आणि ती मुख्यतः आईबापांना भेट देण्यासाठी घेतली गेली. जुने गाणे कुणाला नको होते, हे म्हणणे मग खरे कसे मानायचे?

गोठ्याची गोष्टही सांगतो. इंग्लंडातल्या लेस्टर विद्यापीठाच्या दोघा अभ्यासकांनी २००१ मध्ये सुमारे हजार होल्स्टिन गाईंना नऊ आठवडे गाणी ऐकवली. संथ गाण्यांच्या वेळी दर गाईमागे दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास, म्हणजे तीन टक्के, दूध वाढले. धांगडधिंग्याने वाढले नाही. गाय शांत राहिली की पान्हा नीट सोडते, हे आपल्या बायांना त्याआधीपासून ठाऊक आहे. उगीच नाही त्या धार काढताना गुणगुणत. तरी चारा-पाणी आणि औषध सोडून नुसता रेडिओ लावला, तर दूध वाढायचे नाही.

पत्राची ताकद

आता आपल्या हातात काय आहे ते बघा. १९५६ साली पुणे केंद्राने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यात होती आणि त्या पाचांत आपला नगर जिल्हा होता. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून ऐकत, चर्चा करत आणि शंका केंद्राला लिहून पाठवत. त्या प्रयोगाची दखल परदेशातही घेतली गेली. म्हणजे आपल्याच आजे-पणज्यांनी रेडिओला प्रश्न विचारले होते. 'आपली आवड' कार्यक्रम तर पत्रांवरच चालला.

मराठी भावगीताला खाजगी केंद्रावर फारशी जागा नाही. त्याचे घर सरकारी रेडिओच. तिथेही ऐकणारा कुणी उरला नाही असे वाटले की वेळ कमी होतो. "आम्ही ऐकतो" हे कळवायला एक पोस्टकार्ड पुरते. आजोबा सांगतील, नातवाने लिहावे. कोणता कार्यक्रम, किती वाजता, का आवडला, एवढेच.

आणि एक शेवटचे. रेडिओच्याही आधीचे सुगम संगीत आपल्या घरात होते, जात्यावर. गावात पिठाची गिरणी आली, जाते उंबऱ्याबाहेर गेले आणि ओवी मुकी झाली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी ऐंशीच्या दशकापासून खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या तरी राहिल्या. पेटी बदलते, जाते बदलते. गाणे मात्र कुणीतरी जुन्यातून काढून नव्यात ओतावे लागते. आपोआप ते जात नाही.

भावगीतांच्या फिती आकाशवाणीकडे आहेत. तुमच्या आजीची ओवी कुणाकडे आहे? तुमच्या खिशातल्या मोबाईलवर आवाज टिपून घेण्याची सोय आहे. या रविवारी कांद्याचे काम उरकले की आजीजवळ बसा. "आजी, दळताना काय म्हणायचीस ग?" असे विचारा. ती आधी नाही म्हणेल, आता आवाज राहिला नाही म्हणेल. घाई करू नका. पहिली ओवी आली की मागून दहा येतील. ओवीबरोबर तिचे नाव, गाव आणि माहेरही तिच्याच तोंडून नोंदवून घ्या.