ग्रुप म्हणजे ग्रामसभा नव्हे

इनामगावात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचे गाव सापडले. त्यात पाट होता, धान्याचे कोठार होते. अशी कामे चार माणसे एकत्र बसल्याशिवाय होत नाहीत. आता आपण बसतो मोबाईलच्या ग्रुपवर!

२०२५ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी संगणकात एक लुटुपुटीची चावडी भरवली. त्यात ५०० कृत्रिम माणसे होती, जाहिरात नाही की कंपनीची लुडबूड नाही. तरीही एका मताचे कंपू पडले, मूठभरांचाच आवाज चालला, टोकाचे बोलणारे पुढे आले. सहा उपाय करून पाहिले, फारसा गुण आला नाही. ती माणसे खरी नव्हती हे कबूल. पण आपल्या ग्रुपवर वेगळे काय दिसते?

आवर्तन, घरकुल यादी, पीक विमा यांवर तिथे रात्रभर भांडायचे आणि सभेला दांडी मारायची. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला ही अट नाही. मग दहाबारा जण ठराव करतात, तोच गावाला लागू. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ग्रुपवर विषयपत्रिका जरूर टाकावी. हरकत मात्र सभेतच नोंदवा, आणि ती इतिवृत्तात आली की नाही ते वाचून घ्या.