कारभाऱ्याचा कसूर
उतावळ्या राज्यकर्त्याच्या नावाने बोटे मोडण्यात आपण इतके रमतो की, ज्याच्या दप्तरातून तो उतावळेपणा तपासणीचा शेरा घेऊन बाहेर पडतो, त्या कारभाऱ्याची झडती घ्यायची राहूनच जाते. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म वाचाळ होता, हे साऱ्या युरोपास ठाऊक होते. तथापि ऑक्टोबर १९०८ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने त्याची जी मुलाखत छापली, तिचा मसुदा त्याने रीतसर, आणि आश्चर्य म्हणजे आधीच, आपला चान्सेलर ब्यूलोव याच्याकडे धाडला होता. चान्सेलरसाहेब तेव्हा नॉर्डर्नाय बेटावर हवा खात होते. त्यांच्याच म्हणण्यावर विश्वास ठेवायचा, तर तो कागद न वाचताच त्यांनी परराष्ट्र खात्याकडे लोटला. खात्यातील अंमलदारांनी हुजुरांच्या शब्दास हात लावण्याचे धाडस न करता किरकोळ तपशील तेवढे सुधारले. आणि बोअर युद्ध जिंकण्याची योजना आपणच आजीला, व्हिक्टोरिया राणीला, पाठविली होती, ही बढाई सहीसलामत छापून आली. इंग्रज चिडले, जर्मन प्रजा त्याहून अधिक खवळली. राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, उत्तर देताना ब्यूलोवने स्वतःस जपले आणि धन्यास उघडे पाडले. त्याचा राजीनामा तेव्हा नामंजूर झाला, पण मर्जी उतरली ती उतरलीच, आणि १९०९ साली तो पायउतार झाला. त्या मुलाखतीचा निम्मा अपराध आम्ही निःसंकोचपणे ब्यूलोवच्या नावे मांडतो.